दोरा बांधलेली बोंडं

माझ्या हुद्द्याचं नाव गावात कुणाला नीट कळलंच नाही. सरकारी कागदावर ते 'व्यवसाय मार्गदर्शक शिक्षक' असं होतं. औरंगाबादला दहा दिवसांचं प्रशिक्षण झालं, तिथे सगळे आम्हाला 'करिअर मास्तर' म्हणायचे. मी परत आलो आणि गावाने त्याचं 'कॅरियर मास्तर' करून टाकलं. कॅरियर म्हटलं की आमच्याकडे सायकलच्या मागचं. त्यामुळे बरेच दिवस लोकांची समजूत अशी होती की शाळेने मला सायकल दिलीय आणि मी तिच्यावरून काहीतरी वाहून आणणार आहे. सायकल माझी स्वतःची होती. आणि वाहून आणलं होतं ते एवढंच : गुंडाळलेले सहा तक्ते आणि छापील फॉर्मांचा एक गठ्ठा.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली, दुष्काळ सरून पाऊसपाणी पुन्हा मार्गी लागलं त्या वर्षांतली. जालना जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात मोडायचो. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली होती आणि वेळापत्रकात 'कार्यानुभव' नावाचा एक नवा तास शिरला होता. आमची जिल्हा परिषदेची शाळा जालना-अंबड रस्त्यालगतच्या एका गावात. मी तिथे विज्ञान शिकवायचो. वयाने सगळ्यांत लहान, म्हणून प्रशिक्षणाला मला पाठवलं, यापलीकडे त्या निवडीत काही अर्थ नव्हता.

करिअर मास्तरचं काम कागदावर सोपं होतं. नववी-दहावीच्या मुलांची आवड आणि कुवत ओळखायची, जगात कोणकोणती कामं असतात ती त्यांना दाखवायची, आणि दहावीनंतर कुणी कुठे जावं याचा सल्ला द्यायचा. त्यासाठी तक्ते होते. एका तक्त्यावर विमान चालवणारा माणूस होता, एकावर दातांचा डॉक्टर. आमच्या गावात त्या काळी दात दुखला तर माणूस लवंग धरून बसायचा. मुलांनी तक्ते पाहिले, विमानाखाली किती चाकं आहेत ती मोजली, आणि 'मोठेपणी काय होणार' या रकान्यात बेचाळीसपैकी एकतीस जणांनी डॉक्टर किंवा कलेक्टर लिहिलं. उरलेल्यांनी शेजाऱ्याचं पाहून लिहिलं.

पालकांचंही काही वेगळं नव्हतं. शहागडचे एक ट्रकवाले होते. त्यांचा मुलगा मामाकडे राहून आमच्या शाळेत शिकायचा. एक दिवस ते त्याला हाताला धरून घेऊन आले आणि खोलीत इकडेतिकडे बघत म्हणाले, "मशीन कुठंय?" त्यांना वाटलं होतं, डॉक्टरकडे छातीचा फोटो काढतात तसं पोराला उभं करून तो कशात चालेल हे सांगणारं यंत्र माझ्याकडे आलंय. यंत्र नाही, मी फक्त प्रश्न विचारतो, असं म्हटल्यावर त्यांची निराशा झाली. मग त्यांनाच मी ट्रकबद्दल विचारायला लागलो. चढावर गाडी दमली हे ते इंजिनाच्या आवाजावरून कसं ओळखतात, कोणता आवाज आला की थांबतात आणि कोणता आला तरी चालत राहतात, हे त्यांनी तासभर सांगितलं. त्यांचा मुलगा तोंड उघडं टाकून ऐकत होता. बाप काय काम करतो हे त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्या दिवशी मी तक्ते कपाटावर टाकले.

त्यानंतर माझं काम म्हणजे चौकशी करणं, असं मीच ठरवून टाकलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आठ-दहा मुलं घेऊन कुठेतरी काम चालू असेल तिथे जायचं. जुन्या जालन्यातल्या एका भुसार दुकानात तोलारी मूठभर गहू तळहातावर घेऊन, डोळे मिटून, तो कोणत्या जमिनीतला ते सांगायचा. आम्ही त्याला चार वेळा तपासून पाहिलं, एकदाच चुकला. मुलांनी परत येऊन वही लिहायची. तिला आम्ही 'कामाची वही' म्हणायचो. तिच्यात चार प्रश्न ठरलेले : हाताने काय करतात, डोळ्यांनी काय बघतात, कुणाकडून शिकले, आणि चूक झाली तर काय होतं. हा चौथा प्रश्न माझा लाडका होता. कुठल्याही कामाचा जीव त्या प्रश्नात असतो असं माझं मत होतं. अजूनही आहे.

सुमनची गाठ तशी फॉर्मावरच पडली. नववीतली मुलगी, बौद्धवाड्यातली, मागच्या बाकावर बसणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी. वडील जालन्यात तेलाच्या गिरणीत होते, आठवड्याने घरी यायचे. आई गयाबाई मजुरीला जायची. सुमनच्या फॉर्मात 'छंद' या रकान्यात लिहिलं होतं : पाती सोलणे. कपाशीच्या कळीला आमच्याकडे पातं म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं. ते सोलायचं कशाला, हे ठाऊक नव्हतं. विचारीन म्हणेपर्यंत भादवा लागला आणि ती शाळेत येईनाशी झाली. हजेरीपट पाहिला तर नववी-दहावीच्या सहा मुली एकाच आठवड्यापासून गैरहजर होत्या. इतकी वर्षं हे दर भादव्यात होत असणार आणि मी नुसता 'गैर' मांडत गेलो असणार.

एका दुपारी सायकल काढून रंगनाथरावांच्या मळ्यात गेलो. रंगनाथराव गावातले जुने जमीनदार, आमच्या शाळा समितीवरही होते. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीसाठी त्यांनी संकरित कपाशीचा प्लॉट घेतला होता. त्याला लोक 'क्रॉसिंग' म्हणायचे. विहिरीपासून बांधापर्यंत ओळी, आणि ओळींतून पंचवीस-तीस बायका-पोरी वाकून चाललेल्या. सुमन त्यांत होती. मला पाहून ती शाळा बुडवल्याच्या भीतीने जागीच थबकली. मी म्हटलं, रागवायला आलो नाही, शिकायला आलोय.

मग तिने शिकवलं. उद्या सकाळी उमलणारं पातं आज दुपारी ओळखायचं. अंगठ्याचं नख बुडाशी घालून, वरची पाकळी आणि आतली पिवळी भुकटी असलेली नळी एका झटक्यात काढून घ्यायची. मधला नाजूक दांडा तेवढा ठेवायचा. त्याच्यावर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या ओळीतलं फूल आणून त्या दांड्यावर फिरवायचं आणि देठाला दोरा बांधायचा. दोरा म्हणजे खूण, की या बोंडातली सरकी संकरित. वेचणीला फक्त दोऱ्याचीच बोंडं घ्यायची.

मी बारा पाती घेतली. नऊ दांडे मोडले. सुमनने तेवढ्या वेळात दोन ओळी संपवल्या. उद्याचं पातं कसं ओळखतेस, असं मी विचारलं तेव्हा तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. एक पातं माझ्यापुढे धरून म्हणाली, "आज ते दुधावाणी दिसतंय सर, आन् टोक जरा वर येतंय. हिरवं असलं की परवाचं. पण मी बघत न्हाई तसं. हातालाच कळतंय."

तिथे बांधावर बसून मी तिला नळी म्हणजे पुंकेसर आणि दांडा म्हणजे स्त्रीकेसर, असं सांगितलं. फुलाचे भाग हा धडा मी आठ वर्षं फळ्यावर जास्वंद काढून शिकवत होतो. समोर बसलेल्या मुली वर्षातले दोन महिने हेच काम नखाने करतात हे मला माहीत नव्हतं, आणि आपण करतो तेच फळ्यावर आहे हे त्यांना माहीत नव्हतं. सुमनने हातातलं पातं उलटसुलट करून पाहिलं. मग तिने विचारलं, "म्हंजी आमी करून राह्यलो ते पुस्तकात हाये?" मी हो म्हटलं. त्यावर तिने एकामागून एक इतके प्रश्न विचारले की मला दोनांची उत्तरं आली, तीन घरी जाऊन वाचावी लागली आणि एकाचं उत्तर आजही नीट येत नाही.

मी रंगनाथरावांना भेटून एवढंच मागून घेतलं की या सहा मुलींना दहा ते दोन शाळेत येऊ द्या. सकाळचं फुलं फिरवण्याचं काम त्यांनी दहाच्या आत उरकावं आणि दुपारी पाती सोलायला परत यावं. ते बिलकुल कां-कू न करता हो म्हणाले. सुमनला मी म्हटलं, तू बाहेर कुठे बघायला जाऊ नकोस, तुझी कामाची वही याच कामाची लिही.

तशी वही मी नोकरीच्या सबंध काळात दुसरी पाहिली नाही. तिने ओळींना नंबर दिले होते. कोणत्या ओळीत किती पाती, ढगाळ दिवशी किती, कोणत्या बाईचा हात सर्वांत हलका, हे सगळं होतं. आणि चौथ्या प्रश्नाखाली तिने सरळ लिहिलं होतं : 'चूक झाली तर दोरा बांधतात.'

ते वाक्य मी तीनदा वाचलं. पुढे तपशील होता. दुपारी सोलायचं चुकून राहिलेलं पातं सकाळी आपोआप उमलतं, पिवळं फूल दिसतं. ते तोडून टाकायचं असतं, कारण त्याचं बी संकरित होत नाही. पण विहिरीच्या अंगाला अकरा ते सोळा या ओळींत फुलं फार राहतात. मळ्यावरचे मुकादम म्हणतात तोडू नका, दोरा बांधा, दोऱ्यांची संख्या भरलेली दिसली पाहिजे. म्हणून आम्ही बांधतो. असं तिने साध्या, गोल अक्षरात लिहिलं होतं. तक्रारीचा सूरही नव्हता. मी विचारलं होतं, तिने सांगितलं होतं.

आता इथे माझी चूक सांगायला हवी. पुढच्याच शनिवारी मी त्या बियाणे कंपनीच्या तपासणी अधिकाऱ्यांना शाळेत व्याख्यानाला बोलावलं होतं. पाठक त्यांचं नाव, मोटारसायकलवरून हिंडणारे, शांत, पाल्हाळ न लावणारे गृहस्थ. कामाच्या वह्या टेबलावर मांडून ठेवायच्या होत्या. सुमनची वही मांडू की नको, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही असं मी म्हणणार नाही. आला होता. पण ती वही वर्गातली सर्वांत चांगली होती, माझ्या शनिवारच्या फेऱ्यांचं सगळं सार्थक तिच्यात होतं, आणि ती कुणीतरी जाणत्या माणसाने पाहावी असं मला फार वाटत होतं. मी ती सगळ्यांत वर ठेवली.

पाठकांनी ती उभ्यानेच वाचली. मग खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा वाचली. सोमवारी सकाळी ते प्लॉटवर गेले आणि त्यांनी काम थांबवलं. अख्खा प्लॉट नापास. दोऱ्याचा भरवसाच राहिला नाही तर कोणतं बोंड खरं आणि कोणतं खोटं हे कसं ठरवायचं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते चूक नव्हतं. हे बी पुढच्या वर्षी शेकडो शेतकरी पेरणार होते. तीस बायकांचं उरलेलं क्रॉसिंग गेलं, पुढची वेचणीही गेली. दिवाळी तोंडावर आली होती.

बुधवारी संध्याकाळी गयाबाई माझ्या दारात आल्या. आत बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच मला मान वर करवेना. वाड्यातल्या बाया सुमनला बोलून राहिल्यात, ती दोन दिवस जेवली नाही, एवढं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "मास्तर, लिव्हलं पोरीनं. दाखिवलं तुमी. दाखिवताना तिला इचारलं होतं का?"

मी विचारलं नव्हतं. तसं मी सांगितलं.

"मंग आता काय करायचं ते बी तिलाच इचारा," असं म्हणून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी बौद्धवाड्यात गेलो. सुमन ओट्यावर बसली होती. मी तिची माफी मागितली. मास्तरने माफी मागणं तिला इतकं अवघड वाटलं की ती आधी उठून उभीच राहिली. मग मी तिला पाठकांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं : खरी बोंडं आणि खोटी बोंडं आता वेगळी ओळखता येत नाहीत, म्हणून सगळंच टाकून द्यायचं.

ती चकित झाली. "येतात की ओळखू," म्हणाली. "नख लागल्यालं बोंड येगळं असतं सर. बोंडाच्या बुडाला हिरवी वाटी राहती. आपुन सोललं की ती वाटी फाटती. न सोलल्याली वाटी आख्खी राहती. दोरा कुणी बी बांधल, वाटी कोण जोडणार?"

मी तिला तसाच मळ्यात घेऊन गेलो. काम बंद असल्यामुळे रंगनाथराव एकटेच विहिरीवर बसले होते. माझ्याशी ते धड बोलायला तयार नव्हते. मुकादम त्यांच्या जवळच्या नात्यातला, आणि हे सगळं त्यांच्या नकळत झालेलं, त्यामुळे त्यांना राग नेमका कुणावर काढावा हे सुचत नव्हतं. सुमनने अकराव्या ओळीतून दोन बोंडं आणि चौथ्या ओळीतून दोन बोंडं तोडून त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि बोंडाभोवतीची हिरवी पानं बाजूला करून वाट्या दाखवल्या. त्यांनी चष्मा पुसला, चारही बोंडं फिरवून फिरवून पाहिली. इतकी वर्षं कपाशी पिकवणारा माणूस, पण असं बुडाशी त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी गडी पाठवून बैलगाडी जुंपायला सांगितली आणि आम्ही तिघं सडकेपर्यंत गेलो. तिथून एसटीने नवीन जालना.

स्टेशनजवळच्या त्या कचेरीत पाठकांनी सगळं ऐकून घेतलं. ते म्हणाले की वाटीची खूण त्यांनाही माहीत आहे. पण प्लॉटमध्ये हजारो बोंडं, एकेक तपासणार कोण, आणि तपासणाऱ्याच्या नजरेचा भरवसा काय? सुमनने माझ्याकडे पाहिलं. या वेळी तरी तिच्या वतीने बोलायचं नाही, असं मी एसटीत ठरवलं होतं. तीच म्हणाली, "साहेब, तुमी तपासा मला."

पाठक दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी स्वतः वेगवेगळ्या ओळींतून चाळीस बोंडं खुडली, दोरे काढून टाकले, प्रत्येकाच्या देठाला नंबराची चिठ्ठी लावली, भिंगातून वाटी पाहून खरं की खोटं ते नंबरावार स्वतःच्या डायरीत लिहून ठेवलं आणि ती टोपलीत मिसळून सुमनपुढे ठेवली. बायका बांधावर जमल्या होत्या. सुमन मांडी घालून बसली. एक बोंड उचलायची, अंगठ्याने भोवतीची पानं मागे सारायची, आणि उजवीकडे किंवा डावीकडे ठेवायची. दोन बोंडांपाशी मात्र थांबली, ती मध्ये ठेवली आणि म्हणाली की यांचं मला सांगता येत नाही, किडीनं खाल्लंय. पाठकांनी एकेका बोंडाचा नंबर पाहून डायरीशी ताळा घेतला. अडतीसच्या अडतीस बरोबर निघाली. त्यांनी डायरी मिटली आणि मला म्हणाले, "त्या दोनांचं माहीत नाही म्हणाली, ते मला जास्त आवडलं."

अकरा ते सोळा या ओळी सरसकट काढल्या. उरलेल्या प्लॉटमध्ये सहा दिवस तीस बायका झाडागणिक वाकून आख्ख्या वाटीची बोंडं शोधून तोडत राहिल्या. सुमनने ओळ दाखवायची आणि पाठकांनी मागून तपासायचं. सहाव्या दिवशी प्लॉट पास झाला आणि क्रॉसिंग पुन्हा सुरू झालं. बायकांचं सुमनशी बोलणं तिसऱ्या दिवशीच सुरू झालं होतं. मुकादम दिवाळीनंतर काम सोडून गेला.

त्यानंतर दहा-बारा वर्षं मी हे करिअर मास्तरपण केलं. चौथा प्रश्न वहीतून काढला नाही, पण वही कुणाला दाखवायची असेल तर आधी मुलाला विचारायचं आणि त्याने नको म्हटलं तर कारण विचारायचं नाही, असा नियम केला. मी मुलांना काय-काय कामं दाखवली ती बहुतेक विसरलो. त्या सकाळी टोपलीपुढे बसलेली मुलगी मात्र विसरलो नाही, कारण कामाचं ज्ञान माणसाच्या अंगात कसं असतं आणि आम्हा मास्तरांना ते किती उशिरा दिसतं, हे मी तिथे पाहिलं.

सुमन दहावी दुसऱ्या वर्गात पास झाली. पाठकांनी शब्द टाकला होता. कंपनीच्या बी तपासणीच्या खोलीत ओल्या कागदावर शंभर दाणे ठेवून किती उगवले ते मोजायचं, अशी एक जागा होती. तिथे तोवर फक्त पुरुष होते. आईने आठ दिवस विचार केला, वडिलांनी स्वतः जाऊन ती खोली पाहिली, आणि मग होकार दिला. पुढे तिने नोकरी करता करता पदवी घेतली आणि त्याच खोलीची ती प्रमुख झाली. पण तो सगळा तिचा हिशेब, तिने सांगायचा.

मला आठवतो तो ती दाखला न्यायला शाळेत आली तो दिवस. नवी चप्पल होती, एसटीची वेळ झाली होती, म्हणून घाईत होती. मी तिला म्हटलं, पुढच्या वर्गांना तुझी ही गोष्ट सांगितली तर चालेल का? नीट विचार करून सांग.

तिने खरंच विचार केला. एसटीचा हॉर्न वाजला तरी उभी राहिली.

"सांगा सर," म्हणाली. "माझं नाव घेतलं तरी चालतंय. मुकादममामाचं तेवढं घेऊ नका. त्यांच्या दोन पोरी पाचवीत आल्यात."

मी मान हलवली. ती पळत सडकेकडे गेली.